बलुत्याबाहेरचे काम

वेरूळच्या दहाव्या लेण्यात शिरून मान वर केली की छताला ओळीने दगडी वासे दिसतात. या वाशांनी काहीच तोललेले नाही. अखंड डोंगर आतून पोखरत जायचे असेल तर छताला वासे लागतात कशाला? पण सातव्या शतकातल्या कारागिरांना चैत्यगृह म्हटले की लाकडी कमानींचेच रूप डोळ्यांपुढे येत असावे. त्यांनी दगडात सुतारकाम करून ठेवले. लोकांनी त्याला 'सुताराची झोपडी' म्हटले. विश्वकर्मा लेणे हे त्याचे दुसरे नाव. एकोणिसाव्या शतकात या लेण्यांचा अभ्यास करणाऱ्या जेम्स बर्जेस यांनी लिहून ठेवले आहे, की आतल्या बुद्धमूर्तीलाच विश्वकर्मा समजून सुतार मंडळी तिथे पूजेला येत.

तिथून पश्चिमेला कन्नड तालुक्यात देवगाव रंगारी आहे. गावाच्या नावात रंगारी असले, तरी या भागातल्या कोणत्याही शेतकरी गावाचे पान ज्याच्यावाचून हलत नसे, तो सुतार. त्याच्या कामाचे कौतुक पुष्कळ झाले आहे. वाड्यांच्या कोरीव खांबांवर पुस्तके आहेत, दारांच्या पट्ट्यांवर प्रबंध आहेत. त्या कामाचे त्याला काय मिळत होते, कोण ठरवत होते आणि ठरलेले मिळाले नाही तर तो काय करू शकत होता, याची चौकशी मात्र फारशी कोणी केलेली नाही. वास्तविक ही माहिती कुठे दडवून ठेवलेली नाही, ती शब्दकोशातसुद्धा सापडते.

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशाची दुसरी आवृत्ती 1857 साली निघाली. तिच्यात 'बलुतेदार' या शब्दाखाली जे दिले आहे, ते अर्थापेक्षा दरपत्रक जास्त आहे. बारा बलुतेदारांच्या तीन ओळी. थोरल्या ओळीत सुतार, लोहार, महार, मांग. मधल्या ओळीत कुंभार, चांभार, परीट, न्हावी. धाकट्या ओळीत भट, मुलाणी, गुरव, कोळी. थोरल्या ओळीला प्रत्येकी चार पाचुंदे, मधलीला तीन, धाकटीला दोन. महाराला तेवढे आठ. पाचुंदा म्हणजे पीक कापून बांधलेल्या पाच पेंढ्या. चार पाचुंद्यांच्या वीस पेंढ्या झाल्या. गावोगावी याद्या वेगळ्या असत. कुठे सोनार आत, कुठे कोळी बाहेर. पण श्रेणी, दर आणि देण्याची वेळ हे तिन्ही ठरलेले असत, आणि ते एकेका घराने ठरवलेले नसत. गावाने ठरवलेले असत.

आजच्या भाषेत याला वेतनकरार म्हणावे लागेल. त्याची कलमेही बारीक होती.

पहिले कलम कामाच्या व्याप्तीचे. बलुत्यात काय येते? नांगर, वखर, तिफण, पाभर, कोळपे या औतांची दुरुस्ती; जू, शिवळा, रुमणे बदलणे; मोटेच्या चाकाची डागडुजी. लाकूड शेतकऱ्याने द्यायचे. शेतातली बाभूळ पाडायची, ती वाळवायची आणि सुताराच्या दारापुढे आणून टाकायची. हात आणि हत्यार सुताराचे. मृगाच्या तोंडावर त्याच्या दारात औतांची रांग लागे. तिफणीचा फण हलतोय, चाड्याचे भोक मोठे झालेय, कुणाचे रुमणे बैलाने मोडलेय. वाकस घेऊन तो बसला की दिवस कधी मावळला ते कळत नसे. त्या पंधरवड्यात सुतार आजारी पडला तर पेरणी लांबायची, म्हणून पाटील स्वतः त्याची विचारपूस करायचा. एरवी वर्षभर पाटलाला त्याची आठवण कितपत येत असेल, हा प्रश्न वेगळा.

दुसरे कलम मोबदल्याचे. सुगीत ज्वारी कापून पेंढ्या बांधल्या की बलुतेदार खळ्यावर येत. तिथली घासाघीस पाहण्यासारखी असे. पेंढ्यांची संख्या ठरलेली होती, पेंढीचा घेर ठरलेला नव्हता. शेतकरी बलुत्याच्या पेंढ्या बारीक बांधी. सुतार त्यातली एक उचलून हातावर तोले आणि परत टाकी. चार शब्द इकडचे, चार तिकडचे होत आणि शेवटी दोन पेंढ्या वरकड पडत. ज्याने वर्षभर सुताराला ताटकळत ठेवले किंवा ज्याचे काम सुताराने टाळले, त्या दोघांचा हिशेब इथेच चुकता होई. मळणी झाल्यावर स्वच्छ धान्याचे माप वेगळे. सणाला वाण वेगळे. लग्नघरी मुहूर्तमेढ आणि पाट आणून दिला की नारळ, शिधा, कधी धडुते.

तिसरे कलम सगळ्यांत महत्त्वाचे, कारण त्यात जे लिहिलेले नव्हते तेच पुढे महाग पडले. नवी बैलगाडी बलुत्यात येत नसे. नवे घर तर नाहीच नाही. तुळया घडवणे, खांब उभे करणे, चौकटी बसवणे, दारे-खिडक्या करणे हे सगळे बलुत्याबाहेरचे काम. त्याचे दाम वेगळे ठरायचे आणि तेही त्या घरमालकाशी, एकट्याने. म्हणजे एकाच सुताराला दोन प्रकारची मजुरी होती. औतासाठी गाव त्याला बांधील होते, बांधकामासाठी तो मोकळा होता. मोकळा याचा अर्थ दोन्ही बाजूंनी मोकळा.

मराठवाड्यातले जुने घर म्हणजे माळवद. खांबावर तुळई, तुळईवर सरे, सऱ्यांवर किलचा, त्यावर पाला आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. घराची ऐपत खणांवर मोजायची. अमक्याचे पाच खणांचे घर, तमक्याचे बारा खणांचे. सुताराचे कामही खणांच्या हिशेबाने अंगावर दिले जाई. या पद्धतीला उक्ते म्हणतात. एवढ्या खणांचे एवढे, लाकूड तुमचे, जेवण तुमचे, दिवस किती लागतील ते माझ्याकडे. दुसरी पद्धत रोजाची: दिवस भरला की रोज पडला. उक्त्यात सुताराची घाई असते आणि रोजात मालकाची. दोन्ही बाजूंना हे पक्के ठाऊक असल्याने करार करताना प्रत्येक जण दुसऱ्याच्या मनातले ओळखायचा प्रयत्न करी. मुख्य दाराची चौकट बसवताना तिची पूजा व्हायची आणि सुताराला नारळ, टोपी, दक्षिणा मिळायची. हा मान होता आणि मानाला दराचे बंधन नसते. देणारा ऐपतीप्रमाणे देई, घेणारा हसतमुखाने घेई.

बलुत्याच्या आतल्या कराराला जोर कशाचा होता? वतनाचा. सुतारकी हे वतन होते. ते बापाकडून मुलाकडे जाई, भावाभावांत वाटले जाई आणि त्यावरून भांडणेही होत. जपानी इतिहासकार हिरोशी फुकाझावा यांनी पेशवेकालीन कागदपत्रे तपासून 1972 साली एक निबंध लिहिला. उत्तर भारतातल्या जजमानी पद्धतीत कारागीर ठरावीक घरांशी बांधलेला असतो, तसा महाराष्ट्रातला बलुतेदार नव्हता. तो अख्ख्या गावाचा नोकर होता, असा त्यांचा निष्कर्ष आहे. हा फरक दिसतो त्यापेक्षा मोठा आहे. एका घराने सुताराचे बलुते बुडवले तर ते गावाचे देणे बुडवल्यासारखे होई. बाहेरून आलेल्या उपऱ्या सुताराला गावात काम करायचे तर वतनदाराचा हक्क मध्ये येई. आजच्या संघटना बाहेरच्या कारागिराला साइटवर येऊ न देण्यासाठी जे करतात, ते काम तेव्हा वतन करत होते.

वाद झाला की गावकऱ्यांची गोतसभा बसायची आणि महजर, म्हणजे निवाड्याचा कागद व्हायचा. त्या कागदाच्या शेवटी पाटलाच्या नावापुढे नांगराची खूण असे, न्हाव्याच्या नावापुढे आरशाची. प्रत्येक बलुतेदार आपल्या धंद्याच्या हत्याराची निशाणी करी. अक्षरओळख नसलेल्या माणसांनी हत्याराच्या चित्राने सही केलेले हे सामूहिक दस्तऐवज महाराष्ट्राच्या दप्तरखान्यांत शेकड्यांनी पडून आहेत.

इथवर वाचून कुणाला बलुतेदारीचा कळवळा आला असेल तर त्याने मोल्सवर्थची यादी पुन्हा पाहावी. महाराला आठ पाचुंदे, म्हणजे सुताराच्या दुप्पट, आणि तरीही गावकुसाबाहेर. त्याच्या कामाला व्याप्तीचे कलमच नव्हते. निरोप पोचवणे, हद्द दाखवणे, सरकारी पाहुण्याची लाकूडफाट्याची सोय करणे, मेलेले जनावर ओढणे. सांगतील ते काम, सांगतील त्या वेळी. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या 1915 सालच्या 'गावगाडा'त या व्यवस्थेची झाडाझडती आहे. महसूल खात्यात नोकरी केलेल्या माणसाने आतून पाहिलेली ती तपासणी आजही वाचावी अशी आहे. पुढे 1928 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायदा दुरुस्त करण्याचे विधेयक आणले. बलुत्याचे रूपांतर रोख करात करावे, तो शेतसाऱ्याबरोबर वसूल व्हावा आणि वतनदार महाराच्या हातात ठरलेले पैसे पडावेत, ही त्यातली मुख्य मागणी. खळ्यावर उभे राहून पेंढी मागण्याचा अपमान संपवणारी ती वेतनाची मागणी होती. पुढच्या वर्षी विधेयक मागे घ्यावे लागले. दया पवारांनी 1978 साली आपल्या आत्मकथनाला 'बलुतं' हे नाव दिले, त्यामागे हा सगळा इतिहास आहे. सुताराचे बलुते आणि महाराचे बलुते एकाच खळ्यावर मोजले जात होते, पण ते घेताना होणारी वागणूक एक नव्हती.

धान्यातल्या मजुरीचा एक गुण मात्र मान्य केलाच पाहिजे. बाजारात ज्वारी महागली तरी सुताराच्या घरी तेवढीच ज्वारी यायची. पहिल्या महायुद्धात महागाई भडकल्यावर मुंबईच्या गिरणीमालकांना महागाई भत्ता सुरू करावा लागला. बलुत्यात तो मुळातच होता. उलट बाजू दुष्काळाची. पीकच आले नाही तर पेंढी कसली मोजणार? 1876 ते 78 आणि 1899-1900 च्या दुष्काळांत शेतकऱ्याआधी बलुतेदार गाव सोडून गेले, कारण शेतकऱ्याकडे निदान जमीन होती.

देवगाव रंगारीचा मुलूख निजामाचा. कन्नड तालुक्याचा घाट उतरले की चाळीसगाव, म्हणजे इंग्रजी खानदेश. पश्चिमेला नांदगाव, येवला, तेही इंग्रजी हद्दीत. सरहद्दीवरच्या सुताराला यामुळे एक पेच होता. हैदराबाद राज्यात चालायचा हाली रुपया, पलीकडे चालायचा कलदार. सहा कलदारांना साधारण सात हाली पडत. घाटाखाली रोज तोच मिळाला तरी घरी येईपर्यंत तो सहाव्या हिश्शाने वाढलेला असे. बलुते घेणारा सुतार गाव सोडून जाऊ शकत नव्हता. गेला की वतन भावाच्या हाती पडण्याची भीती. बांधकामाचा सुतार जाऊ शकत होता. मनमाडहून निघणारी हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरू झाली आणि देवगावच्या दक्षिणेला लासूरला स्टेशन आले, तेव्हा जाणे आणखी सोपे झाले. रेल्वेने माणसे नेली, तसा बाहेरचा मालही आणला.

त्या मालात लोखंडी नांगर होता. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी पहिला लोखंडी नांगर 1903 साली बेळगावात केला. 1910 मध्ये कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. आधी शेतकरी या नांगराला हात लावायला तयार नव्हते, लोखंडाने जमीन बिघडते अशी समजूत होती. मग तो पटला आणि भराभर पसरला. शेतीसाठी ही मोठीच मजल होती, यात शंका नाही. सुताराच्या करारातले मात्र पहिल्या क्रमांकाचे काम त्याने काढून घेतले. मग मोट गेली आणि इंजिन आले. लाकडी चाकांच्या गाडीला रबरी टायर लागले, म्हणजे आरे आणि पाटे बसवण्याचे कसब बाद झाले. शेवटी ट्रॅक्टर आला. बलुते कुणी एका दिवशी बंद केले नाही. दुरुस्तीला औतच उरली नाहीत तेव्हा खळ्यावर पेंढी मागायची कोणत्या तोंडाने, असा प्रश्न सुतारालाच पडू लागला.

कायद्याने नुसता कागद मिटवला. हैदराबाद राज्यातल्या इनामे रद्द करण्याच्या 1954 च्या कायद्यात गावाची सेवा करणाऱ्यांच्या इनामांमध्ये 'बलुता' इनामांचा नावानिशी उल्लेख आहे. 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्रात. वतने संपली. ज्यांना सुतारकीबरोबर जमिनीचा तुकडा होता ते शेतकरी झाले. ज्यांना नव्हता ते पूर्णपणे बलुत्याबाहेरच्या कामावर आले.

त्या कामाचा दर कोण ठरवणार, हा प्रश्न तेव्हापासून तसाच आहे.

जगात इतरत्र या प्रश्नाचे उत्तर सुतारांनीच शोधले. अमेरिकेत 1881 साली शिकागोला पीटर मॅग्वायर यांच्या पुढाकाराने सुतारांची संघटना स्थापन झाली. 1 मे 1890 रोजी आठ तासांच्या दिवसासाठी जे आंदोलन झाले, त्यात आघाडीला राहण्याचा मान अमेरिकी कामगार महासंघाने सुतारांनाच दिला होता. आज त्या संघटनेचे स्थानिक करार पाहिले तर त्यात तयार कारागिराचा तासाचा दर असतो आणि शिकाऊचा दर त्याच्या टक्केवारीत, वर्षागणिक वाढणारा. जादा वेळेची दीडपट, काही वेळा दुप्पट मजुरी असते. शिवाय प्रत्येक तासामागे आरोग्य, निवृत्तिवेतन आणि प्रशिक्षण यांसाठी मालकाने भरायची वेगळी रक्कम असते. शेवटची गोष्ट फार हुशारीची आहे. बांधकामात मालक रोज बदलतो, म्हणून निवृत्तिवेतन मालकाच्या नावावर न ठेवता सगळ्या मालकांच्या सामाईक निधीवर ठेवले. त्याच 1890 सालच्या 10 जूनला नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांना यश येऊन मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. दोन्ही घटनांत अंतर सव्वा महिन्याचे. आपल्याकडे गिरणीचे दार एक होते आणि त्या दारात हजारो कामगार एकत्र येत होते, म्हणून संघटना तिथे रुजली. सुताराला दार नव्हते. तो स्वतःच दुसऱ्यांची दारे बसवत फिरत होता.

मराठवाड्यात याचे प्रत्यंतर औरंगाबादेत आले. 1972 चा दुष्काळ पडला, माणसे रोजगार हमीच्या खडीवर बसली. त्याच दशकात सिडकोने शहराच्या पूर्वेला नवी वसाहत उभारायला घेतली, चिकलठाण्याला कारखाने आले, 1985 च्या सुमारास वाळूजला बजाज आले. कन्नड, वैजापूर, खुलताबादच्या गावांतून माणसे शहरात कामाला येऊ लागली. कारखान्यात चिकटलेल्या कामगाराला संघटना मिळाली, दर तीन-चार वर्षांनी वेतनवाढीचा करार मिळाला, करारात महागाई भत्ता, घरभाडे, बोनस मिळाला. त्याच कारखान्याची शेड ज्याने उभी केली, त्या सुताराला काम संपल्या दिवशी हिशेब मिळाला आणि तोही उचल वजा करून.

सुतारही बदलला होता. काँक्रीटच्या स्लॅबने माळवद हटवले आणि लाकूड घरातून निघून साच्यात गेले. आज बांधकामावरचा सुतार बहुतेक वेळा सेंट्रिंगवाला असतो. स्लॅबखालचा साचा तो बांधतो: टेकू, बल्ल्या, प्लायवूड नाहीतर लोखंडी प्लेटा, बीमचे डबे, कॉलमच्या पेट्या. हे काम चौरस फुटाने ठरते, म्हणजे जुने उक्तेच, फक्त खणाच्या जागी फूट आले. मुकादम ठेकेदाराकडून दर घेतो आणि हाताखालच्या माणसांना रोज देतो. मधला फरक त्याचा. स्लॅब पडला की मालक गोड जेवण घालतो. चौकटीच्या नारळाची ही पुढची पिढी. या कामाचे वैशिष्ट्य असे की ते टिकण्यासाठी केलेले नसते. काँक्रीटने जोर धरला की सुताराने आपलेच काम स्वतःच्या हाताने उकलायचे, खिळे काढायचे, फळ्या घासायच्या आणि पुढच्या साइटवर न्यायच्या. साचा ओळंब्यात नसेल तर भिंत आयुष्यभर वाकडी राहते, आणि सरळ असेल तर त्याच्या कसबाचा मागमूसही उरत नाही.

कायद्याने त्याला अगदीच वाऱ्यावर सोडले असे म्हणता येणार नाही. 1948 च्या किमान वेतन कायद्याच्या अनुसूचीत रस्ते आणि इमारत बांधकामाचा समावेश पहिल्यापासून होता. महाराष्ट्रात या उद्योगासाठी परिमंडळे पाडलेली आहेत, कुशल, अर्धकुशल, अकुशल अशा श्रेणी आहेत आणि मूळ दरावर वर्षातून दोनदा सुधारला जाणारा विशेष भत्ता आहे. थोरली ओळ, मधली ओळ, धाकटी ओळ, पुन्हा तेच. सुतार पुन्हा पहिल्या ओळीत. फरक एवढाच की हा दर वाटाघाटीत मिळवलेला नाही, अधिसूचनेने दिलेला आहे. तो किमान आहे, पण अनेक ठिकाणी कमालही तोच ठरतो. दिल्लीच्या आशियाई खेळांच्या बांधकामावरून 1982 साली सर्वोच्च न्यायालयाने बजावले होते, की किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम करून घेणे ही घटनेने निषिद्ध केलेली वेठबिगारच आहे. खळ्यावरच्या सुताराला हा निकाल तेव्हाच कळला असता.

बांधकाम कामगारांच्या संघटनांनी न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांच्यासारख्या माणसांना सोबत घेऊन दहा-बारा वर्षे पाठपुरावा केला आणि 1996 साली इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठी केंद्रीय कायदा झाला. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर घ्यायचा आणि तो कामगारांच्या कल्याणावर खर्च करायचा, ही त्याची मध्यवर्ती कल्पना. मालक बदलत असेल तर निधी सामाईक करा, हे अमेरिकी सुतारांचे शहाणपण इथे कायद्याच्या वाटेने आले. महाराष्ट्राने नियम करायला 2007 उजाडवले, कल्याणकारी मंडळ 2011 साली कामाला लागले. नियम होईपर्यंतच्या अकरा वर्षांत किती इमारती उभ्या राहिल्या आणि त्यावरचा किती टक्का कुठे गेला, हे ज्याचे त्याने समजून घ्यावे. देशभरातला हा निधी न वापरता पडून राहतो, यावर सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये कडक ताशेरे ओढले.

मंडळाकडे नोंदणी करायची तर आदल्या वर्षात 90 दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. तो ठेकेदार देऊ शकतो, गावात ग्रामसेवकही देतो. ठेकेदार द्यायला नाखूश असतो, कारण दाखला दिला म्हणजे हा माणूस माझ्याकडे होता हे कबूल केले. गवंड्याच्या आणि सुताराच्या नशिबात या एका कागदासाठी जेवढे हेलपाटे असतात, तेवढे घर बांधणाऱ्याला परवानगीसाठीही नसतील. नोंदणी झाली की मुलांच्या शिक्षणाला मदत, आजारपणात साहाय्य, अवजारांसाठी पैसे अशा योजना आहेत. त्या चांगल्या आहेत. अपघाती मृत्यूनंतर घरच्यांना मिळणाऱ्या रकमेने कित्येक संसार सावरले आहेत. 17 सप्टेंबर 2023 रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या अमृतमहोत्सवाच्या दिवशीच, केंद्राने पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. तिच्या अठरा धंद्यांत पहिले नाव सुताराचे. हत्यारांसाठी 15 हजार, प्रशिक्षणकाळात दिवसाला 500 रुपये आणि स्वस्त कर्ज. हत्यार मिळते, कर्ज मिळते. रोजाचा दर मात्र दोन्हीकडे कुणी विचारत नाही.

हा दर एकत्र बसून ठरवणे अशक्य आहे, असंघटित माणसांचा करार होऊच शकत नाही, असे म्हणणाऱ्यांनी मराठवाड्यातच जरा दक्षिणेला पाहावे. ऊसतोड कामगारापेक्षा विखुरलेला, भटका आणि मुकादमाच्या उचलीत अडकलेला दुसरा कामगार महाराष्ट्रात नाही. तरीही कोयता बंद ठेवून त्यांच्या संघटनांनी साखर कारखान्यांच्या संघाला, म्हणजे साखर संघाला, वाटाघाटीला बसवले आणि बबनराव ढाकणे, गोपीनाथ मुंडे यांच्यासारख्या नेत्यांनी हा प्रश्न राजकारणाच्या मध्यभागी आणला. जानेवारी 2024 मधल्या तडजोडीत तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली, मुकादमाचे कमिशन 19 वरून 20 टक्के झाले आणि करार तीन हंगामांसाठी झाला. दर टनामागे, म्हणजे पुन्हा उक्तेच. पण हे उक्ते एकट्याने ठरवलेले नाही, लाखोंसाठी एकदम ठरलेले आहे. या कराराच्या अंमलबजावणीत शंभर भोके आहेत, कोयत्यावरची बाई आजही जोडीचा अर्धा कोयता म्हणून मोजली जाते. तरी कागद आहे, त्यावर तारीख आहे, आणि मुदत संपली की पुन्हा बसावे लागते.

ऊसतोडीला हे जमले, कारण समोर साखर संघ होता. सुताराच्या समोर कोण आहे? देवगाव रंगारीत घर बांधणारा शेतकरी, वाळूजचा ठेकेदार, शहरातला बिल्डर, त्याच्या हाताखालचा सेंट्रिंगचा मुकादम. प्रत्येकाशी वेगळा सौदा. बलुत्याच्या काळात निदान गाव नावाचा एक पक्ष होता.

हा दुसरा पक्ष निर्माण करता येतो, हे महाराष्ट्राने एकदा दाखवलेही आहे. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून 1969 चा माथाडी कायदा झाला. त्यात हमाल आणि व्यापारी दोघांचीही नोंदणी मंडळाकडे होते, मजुरी मंडळामार्फत मिळते आणि तिच्यावरच्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, बोनस, रजा यांची सोय होते. मालक शेकडो असले तरी हमालाला दार एकच. बांधकाम कामगारांच्या मंडळावरही 1996 च्या कायद्याने सरकार, मालक आणि कामगार यांचे प्रतिनिधी सारख्या संख्येने बसवायला सांगितले होते. म्हणजे करार करायला लागतात ती सगळी माणसे एका टेबलाभोवती आहेत. त्यांच्या हाती उपकराचा पैसा आहे, योजना आहेत, नोंदणीचे दप्तर आहे. सुताराच्या रोजाचा दर ठरवण्याचा अधिकार तेवढा त्या मंडळाला कायद्याने दिलेला नाही. तो द्यायला हवा.